तीन पाण्यांनी धुतलेली मुळं

अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी पालक निवडत बसले होते. म्हणाले, ताई, तुम्ही जर्मनीत इतकी वर्षं शास्त्रज्ञ म्हणून काम केलंत, तरुणांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी लिहा. आता पहिली गोष्ट म्हणजे मी शास्त्रज्ञ नव्हते. मी होते टेक्निकल असिस्टंट. शास्त्रज्ञ ज्या बाटल्यांकडे बोट दाखवून भाषण करतात त्या बाटल्या जिवंत ठेवणारी बाई. आणि दुसरी गोष्ट, ती प्रेरणा. माझ्या नोकरीतला जो प्रसंग मला सांगावासा वाटतो, त्यातून घेण्यासारखी प्रेरणा एकच आहे, ती म्हणजे दुसऱ्याच्या वस्तू न विचारता धुऊ नयेत. संपादकांना हे सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, लिहा तेच. तर लिहिते.

आधी काम काय होतं ते सांगायला हवं. माझ्या सासूबाईंचा शेवटपर्यंत समज होता की सून परदेशात शेवाळ खरवडते, आणि तो अगदीच काही चूक नव्हता. श्टुटगार्टच्या बाहेर आमची संस्था होती. तिथे नीलहरित शैवालं सांभाळत. नाव शैवाल असलं तरी हे असतात जिवाणू, उन्हावर जगणारे. पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर जे हिरवंकाळं बुळबुळीत चढतं आणि पाहुणे घसरतात, त्यात यांचा मोठा वाटा. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू पहिल्यांदा सोडला तो यांच्याच पूर्वजांनी. म्हणजे आपण सगळे आहोत ते यांच्या कृपेने. पण कंबर धरून बसलेल्या पाहुण्याला हे सांगून उपयोग नसतो.

एकेक जात एकेका काचेच्या नळीत ठेवायची आणि दर काही आठवड्यांनी जुन्यातला थेंबभर नव्या पाण्यात सोडायचा. विरजणच हे. फरक इतकाच की दही बिघडलं तर नाकाला कळतं, इथे सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसावं लागतं. आणि मिसळलेल्या गर्दीतून एक जात वेगळी काढायची असेल तर काचेची नळी ज्योतीवर धरून ओढायची, केसाइतकी बारीक करायची, आणि तिच्या टोकाने एकच तंतू उचलायचा. श्वाससुद्धा जपून घ्यायचा. आमच्या मजल्यावर हे माझ्याइतकं कोणाला जमत नसे. ही बढाई आहे आणि ती मी मारणार, कारण पुढे फारशी संधी नाही.

लोकही येत. एक निवृत्त गृहस्थ दर उन्हाळ्यात जॅमच्या बरणीत तळ्याचं पाणी घेऊन यायचे. काही नीलहरित जाती विषारी असतात, ते पाणी प्यायलं तर कुत्री मरतात. यांचा बुटका लांबोडा कुत्रा पोहायचा शौकीन. मी पहिल्या वर्षी आपल्या पद्धतीने समजावायला गेले की तसं बघितलं तर, म्हणजे साधारणपणे, पण काळजी घेतलेली बरी. आजोबांनी हात वर केला आणि म्हणाले, "हो की नाही?" मी म्हटलं, नाही, पोहायला सोडू नका. त्यांनी आभार मानले, बरणी उचलली आणि गेले. मला तेव्हा तो माणूस फार उद्धट वाटला होता.

तर मूळ गोष्ट. दोन हजार दहानंतर दोन-चार वर्षं गेली असतील. आमच्या प्रोफेसर होल्त्समान बाईंनी एक नवा विषय हातात घेतला. खारफुटी आपल्या कोकणात असते तशी तांबड्या समुद्राच्या काठीही असते. पण तिथे पाऊस नाही, नदी नाही, मागे नुसतं वाळवंट. मातीत अन्नाचा कण नाही आणि मीठ मात्र वाट्टेल तितकं. तरी तिथे तिवराची झाडं उभी असतात. तिवराची काही मुळं चिखलातून उलटी वर येतात, बोटांसारखी, हवा घ्यायला. त्या बोटांवर नीलहरित जिवाणूंचं एक पातळ अस्तर असतं. त्यातले काही हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला खाऊ घालतात असं मानतात. या अस्तरात किती जाती राहतात, कोण कोण राहतं, हे शोधायचं होतं. उजाड जागेत झाडाला जेवायला घालणारे कोण, असा सरळ प्रश्न.

या कामावर डॉक्टरेटसाठी निवड झाली अनिकेतची. नागपूरचा मुलगा. वडील शाळेत शिपाई, घरातला पहिला पदवीधर. बाईंनी मला आडनाव दाखवलं आणि विचारलं, तुमच्याकडचा ना? मी म्हटलं, या, गेनाऊ, म्हणजे हो, अगदी बरोबर, आमच्याकडचाच. अचलपूर माझं माहेर, जर्मनीतून बघितलं तर नागपूर म्हणजे हाकेच्या अंतरावर. आडनावावरून बाकीचंही कळलं. बाईंना त्यातलं काय कळणार होतं म्हणा. पण माझा ऊर भरून आला, हे लपवण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांत त्या इमारतीत मला जय भीम म्हणणारं कोणी नव्हतं.

अनिकेतने बाईंच्या गटाबरोबर किनाऱ्यावर जाऊन मुळं गोळा केली आणि व्हिसासाठी तो नागपूरला परतला. मुळांची पेटी परस्पर आमच्याकडे निघाली. ती कस्टममध्ये अडकली, सुटली, आणि नेमकी एका शुक्रवारी दुपारी येऊन पडली. अनिकेत येणार सोमवारी. बाई सुट्टीवर. पेटी उघडली तर पिशव्यांत बोटभर लांबीची मुळं, चिखलाने लडबडलेली, वरून मिठाचे खडे, आणि वास असा की शेजारच्या खोलीतल्या मुलीने दार लावून घेतलं.

मी आधीची काही वर्षं एका टिशू कल्चरच्या प्रयोगशाळेत काढली होती. तिथे पहिली आज्ञा एकच: झाडाचा कुठलाही तुकडा आला की आधी धुवा. आणि त्याच्या आधीची सगळी वर्षं मी आईच्या घरात काढली होती. तिथेही पहिली आज्ञा तीच होती. आमच्या घरात पाहुणा यायच्या आधी भाजी निवडून, धुऊन, चिरून तयार असे. पोरगा इतक्या लांबून येतोय, पहिल्याच दिवशी या घाणीत हात कशाला घालेल? मी एप्रन चढवला. निर्जंतुक केलेलं खारं पाणी घेतलं, मऊ ब्रश घेतला, आणि एकेक मूळ घासून तीन पाण्यांनी धुतलं. संध्याकाळपर्यंत सगळी मुळं स्वच्छ, गोरीपान, डब्यांत ओळीने मांडून, चिठ्ठ्या लावून शीतखोलीत. धुण्याचं पाणी मात्र मोरीत ओतता येत नाही. जैविक कचरा तो, आधी कुकरसारख्या मोठ्या यंत्रात वाफेने मारायचा, मग टाकायचा. यंत्र नादुरुस्त होतं. म्हणून ते गढूळ पाणी एका पांढऱ्या कॅनमध्ये भरलं, कॅनवर आकडा टाकला, चौदा, आणि तोही शीतखोलीच्या कोपऱ्यात ठेवला.

दिवसभरात काय केलं ते मी माझ्या कच्च्या वहीत मराठीत लिहून ठेवत असे. जर्मन नोंदवही वेगळी. त्यात मी लिहिलं, नमुने मिळाले, नीट ठेवले. मराठी वहीत लिहिलं, मुळं ब्रशने घासून तीन पाण्यांनी धुतली, फार घाण होती.

सोमवारी अनिकेत आला. उंच, सडपातळ, कोट दोन मापं मोठा. मला बघून वाकला आणि "जय भीम काकू" म्हणाला. मी त्याच्यासाठी डबा नेला होता, ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. आधी शीतखोलीत नेऊन त्याला माझी कामगिरी दाखवली. त्याने एक डबा उघडला. दुसरा उघडला. दोन्हींची झाकणं हळूच परत लावली. मग म्हणाला, "खूप छान ठेवलंत काकू." मला वाटलं, पोरगा प्रवासाने शिणला आहे. मी त्याला जेवायला बसवलं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला चार महिने लागले. अनिकेतचं पहिलं सेमिनार होतं. त्याने किनाऱ्यावरचा एक फोटो पडद्यावर टाकला. चिखलातून वर आलेली तिवराची बोटं, आणि त्यांच्यावर काळपट हिरवं, मखमलीसारखं अस्तर. तो सांगत होता, हे जे अस्तर आहे तोच आमचा विषय. मी शेवटच्या रांगेत बसले होते. माझी मुळं मला डोळ्यांसमोर दिसत होती, सोललेल्या मुळ्यासारखी. विषयच मी घासून काढला होता.

त्याच वेळी उठून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. माझा करार दर वर्षी संपायचा आणि दर वर्षी वाढायचा. कायम करण्याचा अर्ज नेमका त्या महिन्यात बाईंच्या टेबलावर होता. शिवाय मी मनाची समजूत घातली की खाचाखोचांत काहीतरी राहिलं असेल, बघू काय उगवतं ते. आणि अनिकेत तर काहीच म्हणत नव्हता. म्हणजे त्याला काही माहीत नाही. मग कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची.

उगवल्या त्या दोनच जाती. कितीही नळ्या लावा, त्याच दोन, सालीच्या भेगांत राहिलेल्या. मुळांतून डीएनए काढला, त्यातही त्याच दोन. मला वाटलं आता भांडं फुटणार. झालं उलटंच. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, बघा, इतकं मीठ आणि इतकं ऊन असलं की तग धरणारे फार थोडे, जागा जितकी कठीण तितकं वैविध्य कमी. सिद्धांत तयार झाला. पोस्टर तयार झालं. अनिकेत ते घेऊन एका परिषदेला गेला, टाळ्या घेऊन आला, आणि निबंध छापायला गेला. मी त्याच्या यशाप्रीत्यर्थ पुरणपोळ्या केल्या. त्या खाताना तो खाली मान घालून होता. मला वाटलं, किती विनयशील मुलगा.

त्याच सुमारास माझी नोकरी कायम झाली. कशाबद्दल, तर नमुने काटेकोरपणे हाताळल्याबद्दल. तसं बाईंनी लेखी दिलं आहे. पत्र अजून कपाटात आहे, बाहेर काढत नाही.

महिन्यातून एका रविवारी आम्ही आसपासची कुटुंबं ब्योब्लिंगेनला एका भाड्याच्या सभागृहात वंदनेला जमायचो. आमचे हे झिंडेलफिंगेनच्या मोटारीच्या कारखान्यात, तसेच बहुतेकांचे. पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं बोलणार नाही. माझ्या पुढच्याच रांगेत अनिकेत. आम्ही दोघंही डोळे मिटून, अगदी मोठ्याने म्हणायचो. गप्प बसणं हे खोटं बोलण्यात धरतात की नाही, यावर मी दोन वर्षं विचार केला. निष्कर्ष मला सोयीचा निघेपर्यंत विचार थांबवायचा नाही, असं ठरवलं होतं.

त्यात संस्थेच्या सुरक्षा खात्याचे हेर क्युब्लर. हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत, आपला गुप्तहेर नव्हे. दर तीन महिन्यांनी त्यांचं पत्र: कॅन क्रमांक चौदाचा फॉर्म अपूर्ण आहे. कॅन नष्ट करायचा तर त्यात काय आहे, कुठून आलं, कशामुळे तयार झालं, हे लिहून सही करायची. यंत्र केव्हाच दुरुस्त झालं होतं, पण सहीशिवाय जर्मनीत पाणीसुद्धा फेकता येत नाही. आणि मी काय लिहिणार होते? खारफुटीची मुळं घासल्याचं पाणी? स्वतःच्या हाताने कबुलीजबाब? मी दर वेळी उत्तर देई, पुढच्या आठवड्यात बघते. हेर क्युब्लर दर वेळी पुढच्या आठवड्याची नोंद करत.

शेवटी प्रबंध लिहून झाला. सादर करायला तीन आठवडे होते. पुढे उत्तरेकडच्या एका संस्थेत अनिकेतची जागा पक्की झाली होती, मुदतीत पदवी मिळाली तर. व्हिसाही त्या जागेवर टांगलेला. कार्यपद्धतीचं प्रकरण त्याने मला तपासायला दिलं, नेहमीची रीत होती ती. मी बसमध्ये वाचत होते. एका ओळीशी थांबले. मुळं मऊ ब्रशने घासून निर्जंतुक खाऱ्या पाण्यात तीन वेळा धुतली.

ब्रशबद्दल मी कोणालाही सांगितलं नव्हतं. तीन पाण्यांबद्दलही नाही. ते एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, माझ्या मराठी वहीत. आणि त्या इमारतीत मराठी वाचता येणारा माणूस एकच होता.

घरी पोचले तेव्हा माझा चेहरा बघून मुलीने विचारलं काय झालं. प्रज्ञा तेव्हा सतरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. मी सगळं सांगितलं, अगदी भरीत-भाकरीपासून. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, झाग्स इम डोख आइनफाख." आई, सरळ सांगून टाक ना त्याला. जणू काही मी फुंकणी शोधत होते आणि ती हातातच होती. आमच्या ह्यांना विचारलं, तर म्हणाले, अगं तीन आठवडेच राहिलेत, आता कशाला. दोघांचंही बरोबर होतं आणि त्यामुळे मला काहीच उपयोग झाला नाही.

पण एक गोष्ट मला आमच्या ह्यांच्यापेक्षा चांगली कळत होती. ती ओळ खरी होती, आणि तीच त्याला बुडवणार होती. कुठलाही शहाणा परीक्षक विचारणार, बाबा रे, मुळावरचं अस्तर ब्रशने घासलंस, आणि वर लिहितोस की मुळावर फारसं काही राहत नाही?

दुसऱ्या दिवशी प्रकाशखोलीत आम्ही दोघंच होतो, भोवती नळ्यांच्या रांगा. मी विचारलं, "अनिकेत, ब्रशचं तुला कोणी सांगितलं?"

त्याने हातातली नळी रांगेत परत ठेवली. "तुमच्या वहीत होतं, काकू."

"कधी वाचलीस?"

"पहिल्याच सोमवारी. तुम्ही डबा गरम करायला गेला होतात तेव्हा."

मग तो हळूहळू बोलला. मुळं बघूनच त्याला कळलं होतं, वहीने खात्री झाली. पण काकू इतक्या मायेने वाढतायत, पहिल्याच दिवशी त्यांना काय सांगायचं की तुम्ही माझी सगळी डॉक्टरेटच धुऊन टाकलीत? म्हटलं, उद्या सांगू. उद्या मी पिठलं नेलं. मग त्याला वाटलं, काकू स्वतःच बोलतील. मग वाटलं, त्यांच्या लक्षातच आलं नसेल, आता कशाला त्यांच्या जिवाला घोर. दुसऱ्यांदा नमुने आणायची परवानगी त्याने गुपचूप मागितली होती, पण त्या जागी बंदराचं काम सुरू झालं होतं. तिवरं तोडली गेली होती. त्यानंतर बाईंचा सिद्धांत आला आणि सगळ्यांना तो आवडला. दोन वर्षं आम्ही दोघं शेजारी शेजारी स्टुलांवर, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. मी समजत होते त्याला माहीत नाही, तो समजत होता मला माहीत नाही, आणि दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होतो.

मला राग आला. मला यायला नको होता, पण आला. म्हटलं, मग ती ओळ कशाला लिहिलीस? परीक्षकाने विचारलं तर काय सांगणार होतास?

"मी धुतली म्हणून सांगणार होतो," तो म्हणाला. "माझी चूक म्हणून."

मला रडू कोसळलं. तो बिचारा कागदी रुमाल शोधत फिरत होता आणि सापडले ते भिंगं पुसायचे. त्यांनीच डोळे पुसले.

रडून झाल्यावर लक्षात आलं की खरं सांगण्यातही मी सुखरूप होते. माझी नोकरी कायम. प्रबंध थांबणार त्याचा, जागा जाणार त्याची, व्हिसा लटकणार त्याचा. माझ्या मनाची शुद्धी त्याच्या खर्चाने होणार होती. म्हणून मी त्याला म्हटलं, तू ठरव. तू गप्प राहा म्हणालास तर मी गप्प राहीन. फक्त ती ओळ माझ्या नावाने लिही. तो म्हणाला, विचार करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एप्रन घालत होते तेव्हा तो दारात उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "चला काकू."

होल्त्समान बाईंनी ऐकून घेतलं. विचारलं, कोणी धुतली? मी म्हटलं, मी. कोणाला माहीत होतं? तो म्हणाला, मला. मी म्हटलं, मलाही. बाईंना राग धुण्याचा आलाच नाही. चुका होतात, म्हणाल्या, त्यासाठीच नोंदी ठेवतात. त्यांना कळेना ते भलतंच. आल्झो, म्हणजे असं बघा, दोन माणसं, एक खोली, दोन वर्षं, आणि तुम्ही एकमेकांशी बोललात कशाबद्दल? अनिकेत म्हणाला, जेवणाबद्दल. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तुम्ही यांना सांगितलं का नाहीत, त्यांनी अनिकेतला विचारलं. तो म्हणाला, त्या मला काकूसारख्या आहेत. बाई म्हणाल्या, आणि काकूला तिची चूक सांगायची नसते? आम्ही दोघंही एकदम म्हणालो, नाही.

नंतर त्यांनी तो प्रश्न विचारला जो आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता. धुण्याचं पाणी कुठे आहे?

नियमाप्रमाणे ते दोन वर्षांपूर्वी नष्ट व्हायला हवं होतं. नियम मी पाळला असता तर झालंही असतं. पण सही करायची माझी हिंमत झाली नव्हती, आणि हेर क्युब्लरांना सहीशिवाय काही करता येत नव्हतं. ते पत्रांची फाइल घेऊनच आले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या कॅनची आपणहून चौकशी करत होतं. चौदा नंबर कोपऱ्यात होता तिथेच होता. वर निवळ पाणी, तळाशी दोन बोटं गाळ.

त्या गाळातला थोडा थोडा नव्या पाण्यात, मंद उजेडात ठेवला. पहिले दोन आठवडे काही नाही. अनिकेत रोज सकाळी येऊन बघायचा आणि जायचा. तिसऱ्या आठवड्यात एका नळीच्या कडेला हिरवट रेघ दिसली. मग दुसरीत. त्यानंतर मी जे काम केलं ते माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं. महिनोन्महिने, ज्योतीवर ओढलेल्या नळीने, एकेक तंतू. गोल मण्यांच्या माळा, पिळाच्या दोऱ्या, जांभळट केस, जाड आवरणातले ठिपके. हातांची बोटं संपली मोजताना. दोन तर अशा निघाल्या की कुठल्याच यादीत बसेनात. सगळं गाव राहत होतं त्या मुळांवर. उजाड जागेत वैविध्य कमी हा सिद्धांत माझ्या ब्रशने जन्माला घातला होता आणि माझ्या भित्रेपणाने मारला.

पण इथे टाळ्या वाजवायच्या नाहीत. सगळ्या मुळांचं पाणी मी एकाच कॅनमध्ये ओतलं होतं. कोण कुठल्या मुळावर राहत होतं, भरतीच्या बाजूला की वाळवंटाच्या, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. बाईंनी निबंध मागे घेतला आणि कारण जसंच्या तसं छापलं. उत्तरेकडची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. अनिकेतने प्रबंध एक वर्ष उशिरा दिला, तोही निम्मा नव्याने लिहून. व्हिसासाठी तो त्या वर्षात किती टेर्मिन, म्हणजे भेटीच्या वेळा, घेऊन त्या कचेरीच्या बाकावर बसला हे मला ठाऊक आहे, कारण दोनदा मीही शेजारी बसले होते. बंदर झालंच. ती तिवरं आता आमच्या नळ्यांमध्येही नाहीत, फक्त त्यांच्यावरचे भाडेकरू आहेत.

तोंडी परीक्षेत परीक्षकाने विचारलंच, मुळं नक्की कोणी धुतली? अनिकेत घुटमळला. म्हणाला, आमच्या प्रयोगशाळेत. परीक्षक म्हणाले, प्रयोगशाळेला हात नसतात. पोरगा तरीही माझं नाव घेईना. शेवटी मी मागच्या रांगेतून हात वर केला. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं तिथे, पण हात वर करायला कोणाची मनाई नव्हती. सगळे हसले, परीक्षकसुद्धा. अनिकेत तेवढा हसला नाही. त्याला डॉक्टरेट मिळाली. मी पुरणपोळ्या केल्या, या वेळी त्याने मान वर करून खाल्ल्या.

तो भारतात परतला. कच्छच्या किनाऱ्यावर काम करतो, तिथेही तसंच ऊन, तसंच मीठ आणि तशीच तिवरं. चौदा एप्रिलला फोन येतो. तब्येत विचारतो, प्रज्ञाची चौकशी करतो, हवामान सांगतो. त्या विषयावर आम्ही पुन्हा अवाक्षर काढलं नाही. दोघंही सुधारलो असं मी म्हणणार नाही.

माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात कच्छहून पेटी आली. पुन्हा शुक्रवार, पुन्हा दुपार, वास तोच. एकत्र करायचा काहीतरी नवा प्रकल्प होता. पेटीच्या झाकणावर इंग्रजीत पत्ता, शिक्के, कस्टमचे कागद, आणि त्या सगळ्याच्या वर, जाड काळ्या पेनाने, मोठ्या अक्षरांत मराठी: काकू, उघडू नका. धुऊ तर अजिबातच नका.

बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय? मी अक्षरन्‌अक्षर भाषांतर करून सांगितलं. त्या म्हणाल्या, शेवटी बोलला म्हणायचा. मला लागलं थोडं, खोटं कशाला बोलू. आणि त्याहून जास्त बरं वाटलं. पेटी होती तशी, चिखलासकट, शीतखोलीत ठेवली आणि नोंदवहीत जर्मनमध्ये लिहिलं, मिळाली, उघडली नाही, धुतली नाही, आणि खाली सही केली. हात शिवशिवत होते. दार लावून घेतलं आणि घरी आले.